डार्टिंग्टन : एका ग्रामीण वसाहतीतील नाट्यशाळा व रंगमंदिर

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात, टॉटनेस या जुन्या बाजारपेठेच्या गावापासून थोड्या अंतरावर, डार्ट नदीने तीन बाजूंनी वळसा घातलेल्या टेकडीवर डार्टिंग्टन हॉल ही वास्तू उभी आहे. १९२५ साली ही मिळकत लेनर्ड व डोरोथी एल्महर्स्ट या दांपत्याने विकत घेतली आणि पुढील पंधरा वर्षांत शेती, कारखाने, शाळा व रंगभूमी यांना एकाच कारभाराखाली आणणारा जो प्रयोग तेथे घडला, त्याची दखल कलाशिक्षणाचा विचार करणाऱ्या कोणालाही घेतल्यावाचून गत्यंतर नाही. या प्रयोगाचे मूळ आपल्याच देशात, बंगालमधील सुरूल नावाच्या खेड्यात आहे, आणि त्याचे एक फळ अल्मोड्यामार्गे पुण्यामुंबईपर्यंत येऊन पोहोचले आहे. म्हणून डार्टिंग्टनच्या नाट्यशाळेचा व रंगमंदिराचा हा वृत्तान्त मराठी वाचकांपुढे विस्ताराने ठेवीत आहे.

वास्तू आणि पूर्वपीठिका

डार्टिंग्टनचा भव्य दरबारी दिवाणखाना, त्याच्यापुढील प्रशस्त चौक आणि चौकाभोवतीच्या ओवऱ्या यांचे बांधकाम चौदाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, दुसऱ्या रिचर्ड राजाचा सावत्र भाऊ जॉन हॉलंड याने करविले. राजा पदच्युत झाल्यावर त्याच्या बाजूने झालेल्या बंडात हॉलंडने भाग घेतला आणि १४०० साली त्याचा शिरच्छेद झाला. पुढे सोळाव्या शतकाच्या मध्यास ही मिळकत शँपरनाउन घराण्याकडे आली आणि साडेतीनशेहून अधिक वर्षे त्याच घराण्याच्या वहिवाटीत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिवाणखान्याचे छप्पर धोकादायक झाल्यामुळे १८१३ साली ते उतरवून टाकण्यात आले, आणि तेव्हापासून शतकाहून अधिक काळ त्या भिंती उघड्या आकाशाखाली वेलींनी वेढून गेल्या. शेती तोट्याची झालेली, कुळांची घरे मोडकळीस आलेली, तरुण माणसे शहराकडे निघून गेलेली, अशी त्या वेळच्या इंग्लिश ग्रामीण भागाची जी सार्वत्रिक दैना होती, तीच एल्महर्स्ट दांपत्याच्या हाती ही जमीन आली तेव्हा येथेही होती.

सुरूलहून डेव्हनकडे

लेनर्ड एल्महर्स्ट हे यॉर्कशायरमधील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. केंब्रिज येथे इतिहासाचे अध्ययन केलेल्या या तरुणाने पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील खेड्यांचे दारिद्र्य पाहिले, अलाहाबाद येथे सॅम हिगिनबॉटम यांचे कृषिकार्य पाहिले, आणि आपल्याला इतिहासापेक्षा शेतीचे ज्ञान अधिक हवे, असा निर्णय करून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कृषिशास्त्राचा अभ्यास आरंभिला. तेथे असतानाच, १९२१ मध्ये, न्यूयॉर्क येथे त्यांची रवींद्रनाथ ठाकुरांशी भेट झाली. शांतिनिकेतनच्या सभोवतालची खेडी मरणपंथाला लागली आहेत, तेथे काम करण्यास या, हे गुरुदेवांचे निमंत्रण स्वीकारून ते त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालमध्ये दाखल झाले. आणि ६ फेब्रुवारी १९२२ रोजी सुरूल येथे ग्रामपुनर्रचनेचे जे केंद्र सुरू झाले व पुढे श्रीनिकेतन या नावाने ख्यात झाले, त्याचे पहिले संचालक झाले.

या केंद्राच्या खर्चाची तरतूद डोरोथी व्हिटनी स्ट्रेट या अमेरिकन विदुषीने केली होती. अमेरिकेचे माजी नौदलमंत्री विल्यम व्हिटनी यांची ही कन्या अपार संपत्तीची वारसदार होती. परंतु संपत्ती ही लोकोपयोगासाठी मिळालेली ठेव आहे, अशी तिची मनोमन धारणा होती. पहिले पती विलर्ड स्ट्रेट १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत निवर्तले. तीन लहान मुलांसह वैधव्य आलेल्या डोरोथीने १९२५ साली लेनर्ड यांच्याशी विवाह केला आणि दोघांनी मिळून श्रीनिकेतनच्या धर्तीवर, पण पाश्चात्त्य परिस्थितीस अनुसरून, एक प्रयोग इंग्लंडच्या भूमीवर करण्याचे ठरविले. जागा शोधताना डेव्हन परगण्याकडे पाहा, असे रवींद्रनाथांनीच सुचविले होते, असे लेनर्ड सांगत असत.

गुरुदेव स्वतः १९२६ मध्ये व पुन्हा १९३० मध्ये डार्टिंग्टनला येऊन राहिले. शेतात राबणाऱ्या माणसाच्या पोटाची सोय केली म्हणजे त्याच्या जीवनाची सोय झाली असे नव्हे. त्याच्या आयुष्यात गीत, नृत्य, नाट्य व उत्सव परत आले पाहिजेत, तरच खेडे पुन्हा जिवंत होईल, हा त्यांचा सिद्धान्त शांतिनिकेतन व श्रीनिकेतन या जोडसंस्थांच्या रूपाने एल्महर्स्टांनी प्रत्यक्ष पाहिला होता. म्हणूनच डार्टिंग्टनमध्ये दुग्धशाळा, कुक्कुटपालन, लाकूडकाम, विणकाम व बांधकाम यांच्या बरोबरीने, शिल्लक उरलेल्या पैशातून करावयाची चैन म्हणून नव्हे तर मूळ आराखड्याचेच अंग म्हणून, रंगभूमीला स्थान मिळाले. १९२६ साली मुलामुलींची शाळा उघडली. वास्तुशास्त्रज्ञ विल्यम विअर यांच्या देखरेखीखाली दिवाणखान्याचा जीर्णोद्धार सुरू झाला आणि त्याच्या नव्या छपराच्या तुळयांसाठी याच मिळकतीवरील ओक वृक्षांचे लाकूड वापरण्यात आले.

पहिले प्रयोग आणि कोठारातील रंगमंदिर

डार्टिंग्टनच्या नाट्यकार्याला पहिली व्यावसायिक शिस्त लावली ती मॉरिस ब्राउन व एलेन व्हॅन व्होल्केनबर्ग यांनी. या दोघांनी १९१२ साली शिकागो येथे ‘लिटल थिएटर’ स्थापून अमेरिकेतील छोट्या रंगभूमीच्या चळवळीस आरंभ करून दिला होता. १९२९ साली डार्टिंग्टनच्या बागेत, हिरवळीच्या पायऱ्या व वृक्षराजी यांनाच नेपथ्य मानून, मिल्टनचे ‘कोमस’ हे नाट्यकाव्य उघड्यावर सादर झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत एल्महर्स्टांच्या आर्थिक पाठबळावर ब्राउन यांनी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात आर. सी. शेरिफ यांचे ‘जर्नीज एंड’ हे महायुद्धावरील नाटक रंगभूमीवर आणले. इतर व्यवस्थापकांनी नाकारलेल्या या नाटकाला अपूर्व यश लाभले. त्यापाठोपाठ १९३० मध्ये ब्राउन यांनीच पॉल रोबसन या कृष्णवर्णीय नटश्रेष्ठाला ‘ऑथेल्लो’च्या भूमिकेत लंडनकरांपुढे उभे केले, आणि त्याचे दिग्दर्शन व्होल्केनबर्ग यांनी केले. अशा रीतीने डेव्हनमधील एका शेतकी वसाहतीचा हात लंडनच्या रंगभूमीवरील दोन संस्मरणीय घटनांच्या पाठीशी होता.

मुख्य चौकाच्या कडेला धान्य साठविण्याचे एक जुने कोठार होते. त्याच्या जाड दगडी भिंती व उंच छप्पर तसेच राखून विअर यांनी त्याचे रंगमंदिरात रूपांतर केले. आणि जर्मनीतून परागंदा होऊन १९३४ साली इंग्लंडला आलेले बाउहाउसचे संस्थापक वाल्टर ग्रोपियस यांचा सल्ला अंतर्रचनेसाठी घेण्यात आला. मध्ययुगीन पाषाण आणि विसाव्या शतकातील सर्वांत आधुनिक स्थापत्यदृष्टी यांचा असा संगम अन्यत्र विरळाच आढळेल. धान्याच्या जागी नाटक आले खरे, पण वास्तूचा साधेपणा ढळला नाही. सोनेरी वेलबुट्टी नाही, मखमली सज्जे नाहीत. नट व प्रेक्षक यांच्यामध्ये जेवढे अंतर अपरिहार्य तेवढेच ठेवलेले असे हे छोटे रंगमंदिर शिक्षणासाठी अत्यंत अनुकूल ठरले.

याच सुमारास नृत्याचीही शाळा वसाहतीत नांदू लागली. प्रथम मार्गारेट बार यांनी १९३० पासून नृत्यनाट्याचे वर्ग चालविले. आणि १९३४ साली कुर्ट योस हे आपल्या नृत्यमंडळीसह व सहकारी झिगुर्ड लेडर यांच्या विद्यालयासह येथे आश्रयास आले. आपल्या मंडळीतील ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा नाझींचा हुकूम योस यांनी मानला नव्हता आणि त्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. युद्ध व मुत्सद्देगिरी यांच्यातील दांभिकतेवर कोरडे ओढणारे त्यांचे ‘द ग्रीन टेबल’ हे नृत्यनाट्य १९३२ साली पॅरिस येथे प्रथम पारितोषिक मिळवून गाजले होते. पुढे १९३८ मध्ये योस यांचे गुरू रुडॉल्फ लाबान हेही आजारी व निष्कांचन अवस्थेत येथेच येऊन राहिले.

मिखाईल चेखॉव्ह यांची नाट्यशाळा

डार्टिंग्टनच्या नाट्येतिहासातील सर्वांत तेजस्वी पर्व मात्र १९३६ ते १९३८ या अवघ्या दोन वर्षांचे आहे. सुप्रसिद्ध लेखक अंतोन चेखॉव्ह यांचे पुतणे मिखाईल चेखॉव्ह हे मॉस्को आर्ट थिएटरच्या प्रथम स्टुडिओत स्तानिस्लाव्हस्की यांच्या नजरेखाली तयार झालेले नट. १९२१ साली गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’मधील ख्लेस्ताकॉव्ह आणि वाख्तांगॉव्ह यांनी दिग्दर्शित केलेल्या स्ट्रिंडबर्गच्या नाटकातील चौदावा एरिक, तसेच १९२४ मधील हॅम्लेट, या भूमिकांनी त्यांनी रशियातील रसिकांना थक्क केले होते, परंतु त्यांची आध्यात्मिक प्रवृत्ती व रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवरील निष्ठा नव्या राजवटीस रुचेना, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वदेश सोडला. बर्लिन, पॅरिस, रिगा, कौनास अशी वणवण करीत १९३५ साली ते आपल्या नटमंडळीसह न्यूयॉर्कला आले.

डोरोथीबाईंची कन्या बिएट्रिस स्ट्रेट या वेळी डार्टिंग्टनसाठी नाट्यगुरूच्या शोधात होती. तिने व तिची मैत्रीण डिअर्ड्री हर्स्ट हिने न्यूयॉर्क येथे चेखॉव्ह यांचा अभिनय पाहिला. आपण ज्याला शोधीत आहोत तो गुरू हाच, याविषयी दोघींच्या मनात संदेह उरला नाही. त्यांनी डार्टिंग्टनचे निमंत्रण चेखॉव्ह यांच्यापुढे ठेवले, आणि जागा, विद्यार्थी, वेतन व पूर्ण स्वायत्तता या सर्वांची हमी मिळाल्यावर ते स्वीकारले गेले. १९३६ च्या ऑक्टोबरात ‘चेखॉव्ह थिएटर स्टुडिओ’ सुरू झाला. इंग्लंड, अमेरिका, कॅनडा व इतर देशांतून विद्यार्थी आले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा ठरला, आणि त्याच्या अखेरीस या विद्यार्थ्यांतूनच एक फिरती व्यावसायिक नाटकमंडळी निर्माण करावयाची, असा संकल्प होता. चेखॉव्ह यांना इंग्रजी फारशी येत नव्हती. शिकविण्यासाठी ती भाषा त्यांनी नव्याने आत्मसात केली. वसाहतीची स्वामिनी असलेल्या डोरोथीबाई वयाच्या पन्नाशीला आलेल्या असूनही साध्या विद्यार्थिनीप्रमाणे वर्गात बसत आणि तरुण मुलामुलींबरोबर सर्व व्यायाम करीत.

शिक्षणपद्धती

स्तानिस्लाव्हस्की यांच्या आरंभीच्या पद्धतीत नटाने स्वतःच्या गतायुष्यातील अनुभव जागवून भूमिकेतील भावना उत्पन्न करावी, यावर भर होता. चेखॉव्ह यांना हा मार्ग संकुचित व नटाच्या मनःस्वास्थ्यास अपायकारक वाटत असे. नटाने आपल्या लहानशा खासगी दुःखाच्या पुंजीवर भूमिका उभारू नये. पात्राची प्रतिमा कल्पनाशक्तीने मनश्चक्षूंपुढे आणावी, तिला प्रश्न विचारावेत, तिच्याकडून उत्तरे घ्यावीत आणि मग आपला देह तिच्या स्वाधीन करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पात्राच्या समग्र इच्छाशक्तीचे सार एकाच जोरकस शारीरिक हालचालीत पकडण्याची त्यांची युक्ती ‘मनोवैज्ञानिक मुद्रा’ या अर्थाच्या नावाने आज जगभर ओळखली जाते. ही मुद्रा प्रेक्षकाला दाखवावयाची नसते. ती तालमीत सिद्ध करून अंतःकरणात ठेवावयाची असते, आणि प्रयोगाच्या वेळी तिचा अदृश्य दाब प्रत्येक शब्दावर व पावलावर जाणवावयाचा असतो. त्याचप्रमाणे सहजता, आकार, सौंदर्य व समग्रता या चार जाणिवा प्रत्येक कृतीत असल्या पाहिजेत, आणि प्रत्येक प्रसंगाला, प्रत्येक स्थळाला स्वतःचे असे वातावरण असते व ते नटांनी मिळून श्वासासारखे आत घेतले पाहिजे, ही त्यांच्या शिकवणीची प्रमुख सूत्रे होती.

या सूत्रांचा अभ्यास प्रत्यक्षात कसा होत असे, हे पाहिले म्हणजे ग्रामीण वसाहतीचे महत्त्व कळते. दिवसाचा आरंभ एकाग्रतेच्या व शरीरसाधनेच्या पाठांनी होई. स्टायनरप्रणीत गतिकला व वाणीचे शिक्षण दिले जाई. मग लोककथांवर आधारलेली उत्स्फूर्त नाट्ये रचली जात. पोशाख, नेपथ्य, प्रकाशयोजना, नाट्यलेखन यांपैकी कोणतेही अंग नटाला परके राहू नये, असा कटाक्ष होता. लंडनसारख्या शहरात हाच विद्यार्थी वर्ग संपताच कामधंद्याच्या शोधात, नाहीतर पुढच्या आठवड्याच्या प्रयोगाच्या घाईत, विखुरला गेला असता. येथे भोजन, निवास, फिरणे, चर्चा हे सारेच शिक्षणाचा भाग झाले, आणि तिकिटविक्रीची चिंता कोणाच्याही शिरावर नसल्यामुळे अपूर्ण राहण्याची, चुकण्याची व पुन्हा आरंभ करण्याची मुभा प्रत्येकाला मिळाली. भूमी आणि सवड ही जी दोन साधने नाट्यशिक्षणाला सर्वाधिक आवश्यक आणि सर्वाधिक दुर्मिळ, ती डार्टिंग्टनने मुक्तहस्ताने दिली, हे या संस्थेचे सर्वश्रेष्ठ दातृत्व होय.

या सर्व पाठांची टिपणे डिअर्ड्री हर्स्ट यांनी अत्यंत निष्ठेने लघुलिपीत घेतली. गुरूचा शब्द वर्गातच विरून जातो आणि शिष्यांच्या आठवणीत त्याची रूपे बदलतात, हा नाट्यशिक्षणाचा नित्याचा अनुभव. पण या एका व्यक्तीच्या परिश्रमामुळे चेखॉव्ह यांच्या अध्यापनाचे विश्वसनीय दप्तर जगाला मिळाले.

स्थलांतर

१९३८ साली युरोपवर युद्धाची छाया पसरू लागली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच, त्या वर्षाच्या अखेरीस, नाट्यशाळा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात रिजफील्ड या गावी हलविण्यात आली. १९३९ च्या ऑक्टोबरात तिच्या मंडळीने दस्तयेव्हस्कीच्या कादंबरीवर आधारलेले ‘द पझेस्ड’ हे नाटक न्यूयॉर्कमध्ये केले. पुढे शेक्सपियरची नाटके घेऊन ती गावोगाव फिरली. परंतु तरुण नट सैन्यात भरती होऊ लागल्यावर १९४२ मध्ये तिचाही शेवट झाला. चेखॉव्ह हॉलीवूडला गेले. १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’ या चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, १९५३ साली ‘टू द ॲक्टर’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९५५ मध्ये ते निवर्तले. मेरिलिन मन्रो व अँथनी क्विन यांनी त्यांच्यापाशी धडे घेतले होते.

डार्टिंग्टनच्या विद्यार्थ्यांपैकी पॉल रॉजर्स हे इंग्लिश रंगभूमीचे मान्यवर नट झाले. हर्ड हॅटफील्ड यांनी ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या चित्रपटातील नायक साकारला. आणि बिएट्रिस स्ट्रेट यांना आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’मधील भूमिकेसाठी १९५३ चे टोनी व ‘नेटवर्क’ चित्रपटातील अगदी छोट्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक लाभले. १९४० मध्ये योस यांना शत्रुराष्ट्रीय म्हणून स्थानबद्ध करण्यात आले आणि किनारपट्टीच्या मुलखात जर्मन नागरिकांना राहण्यास मनाई झाल्यामुळे लाबान यांनाही डार्टिंग्टन सोडावे लागले. सहा वर्षांत फुललेली नृत्य-नाट्याची ही वसाहत अशा रीतीने दोन वर्षांच्या आतच रिकामी झाली.

अल्मोडा, पुणे, मुंबई

या कथेची एक शाखा हिंदुस्थानात परत आली. नर्तक उदय शंकर यांचा डार्टिंग्टनशी १९३० च्या दशकात निकट संबंध आला. कलावंतांनी एकत्र राहून साधना करावी असे निसर्गाच्या सान्निध्यातील केंद्र भारतातही हवे, या त्यांच्या स्वप्नाला एल्महर्स्ट परिवाराने द्रव्यबळ दिले, आणि दशकाच्या अखेरीस अल्मोड्याच्या डोंगरात त्यांचे संस्कृतिकेंद्र उभे राहिले. तेही १९४४ मध्ये बंद पडले; पण तेथे शिकलेला एक तरुण, गुरुदत्त, त्यानंतर पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून रुजू झाला आणि भारतीय चित्रपटाचा एक श्रेष्ठ दिग्दर्शक झाला; तेथल्या जोहरा सहगल मुंबईच्या पृथ्वी थिएटर्समध्ये आल्या; आणि शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईतच ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापून नटांना कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने नाचविणारे ‘रामायण’ रचले. सुरूलहून निघालेला विचारप्रवाह डेव्हनची परिक्रमा करून अशा रीतीने महाराष्ट्राच्या कलाजीवनात येऊन मिळाला.

उत्तरकाल

युद्धकाळात व त्यानंतर डार्टिंग्टनमध्ये संगीताला अग्रस्थान मिळाले. इमोजेन होल्स्ट यांनी १९४२ ते १९५१ या काळात तेथे संगीतशिक्षणाची घडी बसविली. १९५३ पासून उन्हाळी संगीतशाळा भरू लागली. १९६१ साली पीटर कॉक्स यांच्या प्राचार्यत्वाखाली डार्टिंग्टन कला महाविद्यालयाची स्थापना झाली आणि नाट्यशिक्षणाला पुन्हा अधिष्ठान लाभले. १९७७ पासून पीटर हल्टन यांनी संपादिलेल्या ‘थिएटर पेपर्स’ या पुस्तिकामालेने प्रयोगशील रंगभूमीवरील महत्त्वाचे लेखन प्रसिद्ध केले. डोरोथीबाई १९६८ मध्ये व लेनर्ड १९७४ मध्ये कालवश झाले. शाळा १९८७ साली बंद झाली. कला महाविद्यालय २००८ मध्ये फॅल्मथ येथील संस्थेत विलीन होऊन २०१० साली तिकडे स्थलांतरित झाले. कोठारातील रंगमंदिरात पुढे मुख्यत्वे चित्रपट दाखविले जाऊ लागले, आणि संस्थेचे जुने दस्तऐवज एक्सेटर येथील परगण्याच्या दप्तरखान्यात अभ्यासकांसाठी जतन केले आहेत.

मूल्यमापन

या इतिहासाचे मोजमाप करताना त्यातील उणीव झाकून ठेवणे योग्य होणार नाही. श्रीनिकेतनचा मूळ हेतू ग्रामीण जनतेचे जीवन समृद्ध करण्याचा होता. परंतु डार्टिंग्टनच्या नाट्यशाळेत जमले ते बहुतांशी देशोदेशींचे विद्यार्थी व निर्वासित कलावंत, आणि आसपासचा डेव्हनकर शेतकरी या साऱ्याकडे दुरून, कधी कुतूहलाने तर कधी संशयाने, पाहत राहिला. रंगमंदिर गावात आले, पण गाव रंगमंदिरात पुरते आले नाही. दुसरे असे की, एका कुटुंबाच्या औदार्यावर आणि एका गुरूच्या उपस्थितीवर संस्था उभी राहिली म्हणजे परिस्थितीचा एकच तडाखा तिला जागचे हलवू शकतो, हेही १९३८ साली दिसून आले.

तथापि अवघ्या दोन वर्षांच्या नाट्यशाळेने जी परंपरा निर्माण केली ती आज अनेक खंडांतील अभिनयशाळांत जिवंत आहे, आणि हे यश वास्तूचे नसून गुरूला दिलेल्या स्वातंत्र्याचे, शिष्यांना दिलेल्या सवडीचे आणि काळजीपूर्वक राखलेल्या दप्तराचे आहे. आपल्याकडे नाट्यगृहे बांधण्याचा उत्साह पुष्कळ आहे. नाट्यशाळांना जमीन, निवास व निश्चिंत वर्षे देण्याची दानत अजून विरळ आहे. ज्या सहकारी संस्थांच्या, देवस्थानांच्या व दानशूर घराण्यांच्या ताब्यात आज महाराष्ट्रात मोठमोठ्या मिळकती आहेत, त्यांनी त्यांपैकी काही एकर आणि काही वर्षांचे उत्पन्न नाट्यशिक्षणासाठी राखून ठेवावे, तेथील वर्गांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि आपल्या गावच्या माणसाला त्या शाळेत प्रेक्षक म्हणून नव्हे तर सहभागी म्हणून स्थान द्यावे, एवढी विनंती या वृत्तान्ताच्या निमित्ताने करीत आहे.